पाठमोरा आल्विन

१

कुठलाही जुना लष्करी कोट हातात आला की लोथार गोख्ट आधी तो उलटा करायचा. पितळी बटणं, लाल कॉलर, खांद्यावरच्या पट्ट्या हे सगळं नवख्यांनी बघावं, असं त्याचं म्हणणं. बटणं बदलता येतात, पट्ट्या एका कोटावरून उसवून दुसऱ्यावर टाचता येतात. अस्तराकडे मात्र लबाडी करणाऱ्याचंही लक्ष नसतं. काखेतला घामाचा डाग, आतल्या खिशाची शिलाई, शिंप्याचा पुसट शिक्का, तिथून त्याची सुरुवात व्हायची. मग कॉलरला नाक लावून तो डोळे मिटायचा.

त्याची बायको रोस्वीटा हसायची. "बाकीच्यांचे नवरे बाटल्यांचा वास घेत हिंडतात, आमचे हे मेलेल्यांच्या मानेचा."

लोथार गिरणीत कापड तपासायच्या कामावर होता. बर्लिनची भिंत पडली, देश एक झाला आणि वर्षाच्या आत गिरणीला कुलूप लागलं. इतकी वर्षं कोळशाच्या तळघरात, बटाट्यांच्या पेट्यांमागे लपवून ठेवलेले कोट मग उजेडात आले. पश्चिमेकडचे व्यापारी गावोगावचे माळे उपसत फिरत होते आणि खरं-खोटं ओळखायला लोथारच्या दारात येत होते. तो फक्त कैसरच्या, म्हणजे पहिल्या महायुद्धापर्यंतच्या काळातले कपडे बघायचा. दुसऱ्या महायुद्धातला एखादा कोट कुणी पिशवीतून काढला, तर तो हात मागे घ्यायचा. "त्यांचं कापड हलकं असतं," एवढंच सांगायचा.

त्या वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला मार्लीस व्युन्शेचा निरोप आला. तिच्या नवऱ्याची म्हातारी आत्या सरहद्दीजवळच्या गावात एकटीच राहायची. तिला आता वृद्धाश्रमात हलवायचं होतं आणि घर रिकामं करायचं होतं.

लोथार गेला तेव्हा शेगडीजवळ एल्फ्रीडे व्युन्शे मांडीवर ताटली घेऊन बसली होती. उकडलेले बटाटे, चक्का, वर जवसाचं तेल. गावात तिला सगळे फ्रीडेल म्हणत. तिने लोथारकडे नीट पाहिलं. "तू हिल्डाचा ना? कताई खात्यातल्या हिल्डाचा? कपाळ तिचंच आहे."

"हो व्युन्शेबाई. लोथार."

"बस. मार्लीस, याला खसखशीचा केक दे. आणि तेवढा मोठा तुकडा कापू नकोस गं, माझ्या मयताला पण लागेल."

"आत्या!" मार्लीस ओरडली, पण हसली. मग वरच्या खोलीतून तिने कोट आणून टेबलावर पसरला.

लोथारचं केकवरचं लक्षच उडालं. जाड, गर्द निळी लोकरी बनात, लाल कॉलर. खालच्या काठाला सबंध फिरलेली लाल मगजी. प्रशियाच्या कोटाला अशी मगजी नसते, हा सॅक्सनीचा. खांद्याच्या पट्टीभोवती हिरवा-पांढरा पीळ. म्हणजे स्वतःच्या खर्चाने गणवेश शिवून वर्षभर पलटणीत जाणारा शिकलेला मुलगा. असा अस्सल नग त्याच्या हाती बऱ्याच दिवसांत आला नव्हता. त्याने कोट उलटा केला आणि बाहीवरून अंगठा फिरवला.

बाहीच्या टोकाची लाल पट्टी कधीतरी उसवून खाली घेतलेली होती. जिथे ती आधी होती तिथे बनातीवर फिकट रेघ उमटली होती. तिच्या वर आणखी एक. त्याच्या वर आणखी. आटत जाणाऱ्या तळ्याच्या काठावर उमटतात तशा त्या रेघा होत्या. वाढत्या मुलांच्या बाह्या बायका ढिल्या करतात, त्यात नवल नाही. पण त्यासाठी शिंप्याने आत राखून ठेवलेलं कापड लागतं, आणि ते बोटभरच असतं. ही बाही त्याच्या कितीतरी पुढे आली होती. कुठे जोड असेल म्हणून लोथारने अंगठा पुन्हा फिरवला. मग चष्मा लावून पाहिलं. जोड नव्हता.

"हळू," शेगडीजवळून फ्रीडेल म्हणाली. "उजव्या खांद्याला हळू हात लाव. दुखतो त्याचा."

मार्लीसने लोथारकडे बघून भुवया उडवल्या आणि ताटली उचलायला पुढे झाली.

२

"बाही वाढत नसते, लोथार," रोस्वीटा म्हणाली. "दे इकडे."

ती हयातभर शिवणकाम केलेली बाई. तपासायला म्हणून लोथारने घरी आणलेला कोट मांडीवर घेऊन तिने शिवणी बोटांनी चाचपल्या. बाहेर दुपारचं धुकं होतं, रस्त्यावर कोळशाच्या धुराचा वास होता.

"हे टाके एका बाईचे. बारीक, घट्ट. ही चांगल्या घरातली, आईकडून शिकलेली. आणि हे पुढचे दुसरीचे. ही डावखुरी आहे."

व्युन्शेबाईने काटा डाव्या हातात धरला होता, हे लोथारला आठवलं. त्याने पडदे ओढले आणि आपला जांभळा दिवा लावला. जुना सुती दोरा त्या उजेडात काळाच राहतो, अलीकडचा कारखान्यातला दोरा निळसर चमकतो. लबाडी पकडायची ही त्याची हुकमी युक्ती. काखेपासून कमरेपर्यंतची शिवण तो इंचाइंचाने उजेडाखालून सरकवत गेला. आधी काळा दोरा. मग टंचाईच्या वर्षांतला जाडाभरडा दोरा. आणि शेवटी कमरेजवळ, काखेत, पाठीच्या मधोमध बारीक चमकणारे ठिपके.

"परवापरवाचे आहेत हे," रोस्वीटा म्हणाली. "आपल्याकडे मिळायचा तोच दोरा."

"नाटकवाल्यांनी वापरला असेल. किंवा एखाद्या गड्याला दिला असेल घालायला."

"एकाच गड्याला?" तिने कोट पुन्हा हातात घेतला. अंगावर घातलेल्या कपड्यात माणूस राहून जातो हे दोघांनाही ठाऊक होतं. कोपरं कुठे झिजतात, कुठलं काज सैल होतं, खिशाच्या कडेला कुठला हात घासतो, ते माणसागणिक वेगळं. "हे बघ. छाती भरली तेव्हा इथे ढिला केला. मग पोट सुटलं तेव्हा इथे. आणि आता इथे, पाठीला बाक आलाय म्हणून मागची लांबी वाढवलीय, आणि खांदे आत घेतलेत. उतरले असणार. हा आधी पोरगा होता, मग बाप्या झाला, आता म्हातारा आहे. सगळा एकच माणूस."

"व्युन्शेबाईचा भाऊ पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच गेला, रोस्वीटा. मला मार्लीसने सांगितलं. अठरा वर्षांचा होता. चर्चमधल्या दगडावर नाव आहे त्याचं."

रोस्वीटाने पडदा सरकवला. धुक्याचा पांढरा उजेड आत आला. कोट तिने घडी न करता खुर्चीच्या पाठीवर नीट टाकला. घरी आलेल्या पाहुण्याचा टाकावा तसा.

३

लोथारच्या बापाचा कपडा घरात एकही नव्हता. बाप पूर्वेच्या आघाडीवर बेपत्ता झाला तेव्हा लोथार चार वर्षांचा होता. पुढे रशियन सैन्य गावाच्या वेशीशी आलं, तेव्हा त्याच्या आईने भीतीपोटी सगळं शेगडीत घातलं. रजेवर आला असताना मागे राहिलेला कोट, टोपी, आणि गणवेशातले म्हणून फोटोही, एकूण एक. बापाचा चेहरा त्याला आठवत नव्हता. आठवत होती ती एका उंच माणसाची पाठ. दारातून बाहेर पडताना दिसलेली. तीही खरी होती, की पुढे आपणच मनात रंगवली, हे त्याला सांगता आलं नसतं.

मरेपर्यंत आईने हा विषय काढू दिला नाही. लोथार मग इतरांच्या घरचे कोट जमवत गेला. कुणाच्या कोटावरून त्याचा माणूस ओळखता आला, की त्याला दिवसभर बरं वाटायचं.

व्युन्शेंचा कोट त्याने कामाच्या खोलीत शिंप्याच्या पुतळ्यावर चढवला. पुतळ्याला हात नव्हते, बाह्या सरळ खाली लोंबत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलरचं अस्तर त्याच्या बोटांना दमट लागलं. रोस्वीटाने काल कपडे धुतले होते, घरात वाफ होती. त्याने खिडकी उघडली. त्यानंतर एकदा काखेपाशी ऊब लागली. शेगडी भिंतीपलीकडेच होती, भिंत तापली असणार. पण तापलेली भिंत डाव्या बाजूला होती आणि ऊब उजव्या काखेत होती. त्याने पुतळा फिरवून ठेवला आणि दिवसभर त्या खोलीत गेला नाही.

कॉलरवर एक पांढरा केस सापडला. व्युन्शेबाईचा असेल. केस आखूड होता, पुरुषाच्या मानेवरचा असावा तसा. तरी, असेल तिचाच.

मग एका दुपारी तो स्वयंपाकघरात कॉफी ओतत असताना कामाच्या खोलीतून कापडाचा आवाज आला. जाड बनात अंगावर घासते तेव्हा होतो तसा, थोडा खरखरीत. रोस्वीटा समोरच बसली होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लोथार उठून गेला.

पुतळा जागेवर होता. बाह्या मात्र खाली लोंबत नव्हत्या. दोन्ही किंचित मागे गेल्या होत्या, शरीरापासून थोड्या सुटून. कुणीतरी मागून कोट धरावा म्हणून म्हातारी माणसं हात मागे करून उभी राहतात, तशा. लोथार दारातच थांबला. बनात ताठ असते, घडी पडली की तशीच राहते, असं तो मनाशी म्हणाला. मग हळूहळू, कंटाळल्यासारख्या, बाह्या पुन्हा खाली आल्या.

"देऊन टाक," मागून रोस्वीटा म्हणाली. तिचा आवाज घाबरलेला नव्हता. रडवेला होता. "ज्याचा आहे त्याला देऊन टाक, लोथार."

४

वृद्धाश्रमाच्या खोलीत दोन पलंग होते. दुसऱ्या पलंगावरची बाई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. फ्रीडेल या काही दिवसांतच आकसून गेली होती. पण बोलणं तेच.

"आलास? सूप देतात इथे. पाणी तापवून भांड्याला गाजर दाखवतात."

लोथार खुर्ची ओढून बसला. काय विचारायचं ते त्याने वाटेत ठरवलं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "व्युन्शेबाई, तो कोट कोण घालतं?"

"आल्विन घालतो. दुसरं कोण घालणार?"

तिने ते असं सांगितलं, जसं कुणी विचारावं सायकल कोणाची आणि कुणी सांगावं भावाची. मग, ऐकणारा हसत नाही हे बघून, ती सांगत गेली. आल्विन लढाईच्या करड्या गणवेशात युद्धावर गेला, निळा कोट घरी कपाटात राहिला. त्याच शरदात पत्र आलं. प्रेत मिळालं नाही. हिवाळ्याच्या तोंडाशी आई वरच्या खोलीत गेली, तर तो खिडकीपाशी उभा. पाठमोरा. अंगात सदराच होता आणि तो थंडीने कापत होता.

"आई ओरडली नाही. कपाटातला कोट काढला आणि मागून धरला. त्याने हात घातले. खाली उतरून गेला. मी जिन्याखाली होते, मला पाठ दिसली. वसंतात कोट पुन्हा कपाटात होता. आणि काखेत उसवलेला."

"उसवलेला?"

"घट्ट झाला होता ना त्याला. वाढत्या अंगाचा मुलगा. आईने ढिला केला. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा आला. बाही आखूड पडत होती. असं दर वर्षी. आमचे वडील म्हणायचे, बंद करा हा वेडेपणा. तेव्हा आई म्हणाली, माझं पोर अठरा वर्षांचं गेलं म्हणून काय कायमचं अठराचंच राहायचं?"

"आणि चेहरा?" लोथारने विचारलं. "चेहरा कसा आहे?"

फ्रीडेलने पांघरुणाची कड चाचपली. "तो वळत नाही. आईने फार विनवलं. शेवटी शेवटी तर रोज जिन्याशी बसून म्हणायची, एकदा वळ रे आल्विन, एकदा बघू दे. नाही वळला. ती गेल्यावर मी धरू लागले. मी कधी सांगितलं नाही वळायला. मला वाटतं, आम्ही पाठच शिवली त्याची. तोंड आम्हाला कुठे ठाऊक होतं, म्हाताऱ्या आल्विनचं?"

भिंतीकडच्या बाईने झोपेत उसासा टाकला.

"आता त्याचा उजवा हात मागे जात नाही," फ्रीडेल म्हणाली. "खाली धरावा लागतो कोट, मग हळूच वर घ्यायचा. थंडी पडली, लोथार. आणि कोट तुझ्या घरी आहे."

तो उठला. दाराशी पोचला तेव्हा तिने मागून हाक मारली. "तुझ्या आईने सगळं जाळलं. मला ठाऊक आहे. मी तेव्हा तिला म्हटलं होतं, नको जाळूस, हिल्डा. पण तिचंच बरोबर होतं. घालायला काही उरलंच नाही, तर कोण कशाला येईल?"

लोथार पायऱ्या उतरून रस्त्यावर आला. तो बराच वेळ गाडीच्या टपावर हात टेकून उभा राहिला. ती म्हातारी भ्रमिष्ट आहे, हे त्याला पटत होतं. तरी त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. बाप आला असेल. खिडकीपाशी उभा राहिला असेल, थंडीत, हात मागे करून. आणि कपाटात काहीच नसेल.

५

नोव्हेंबरअखेरच्या ‘मृतांच्या रविवारी’, गेलेल्यांच्या स्मरणाच्या दिवशी, सगळं गाव थडग्यांवर फरच्या फांद्या अंथरायला जातं. लोथार आईच्या थडग्यावर फांद्या घालत होता तेव्हा कुंपणापलीकडून मार्लीस आली. तिचे हात चिकाने काळे झाले होते.

"आत्या खात नाही हो काही. दोन दिवस झाले. पांघरूण पण फेकून देते. म्हणते, तो तिकडे गारठलाय आणि मी उबेत कशी झोपू." तिने नाक पुसलं. "मला तिचा राग यायचा, खरं सांगते. लग्न नाही, पोरं नाहीत, त्या खोलीत कोणाला जाऊ द्यायची नाही. आणि आता तिच्याकडे बघवत नाही. तुम्ही एकदा जाऊन सांगाल का तिला? खोटंच सांगा. कोट दिला म्हणून."

लोथारने हातातली फांदी खाली ठेवली. "घराची किल्ली आहे तुमच्याकडे?"

"आहे. पण सामान सगळं गेलंय. कशाला?"

"खोटं सांगायला जमत नाही मला," तो म्हणाला.

मार्लीस त्याच्याकडे बघत राहिली. तिने हसून तो विषय उडवून लावला असता तर लोथारला बरं वाटलं असतं. पण तिने खिशातून किल्ली काढून दिली.

६

घरी जाऊन त्याने पुतळ्यावरचा कोट उतरवला. रोस्वीटाने तो जुन्या चादरीत गुंडाळून दिला. "मी येऊ?" तिने विचारलं. तो नको म्हणाला. म्हातारीचं मन राखायचं, कोट वरच्या खोलीत ठेवायचा, दार लावायचं आणि तिला जाऊन सांगायचं. वाटभर तो हेच घोकत होता.

दुपार ढळलेली नव्हती. रिकामं घर बाहेरून होतं तेवढंच दिसत होतं, आतून फार मोठं झालं होतं. शेगडी गार होती. टेबल गेलं होतं तिथे जमिनीवर चार फिकट ठिपके होते. त्याच्या बुटांचा आवाज पुढे जाऊन भिंतींना लागून परत येत होता. तो थांबला की आवाजही थांबायचा. एकदा मात्र तो थांबला आणि वरची एक फळी करकरली.

लाकडी घर, हवा बदलली की करकरतंच. तो जिना चढला. चादर त्याने जिन्याच्या कठड्यावर टाकली आणि कोट दोन्ही हातांत घेतला.

वरच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आतून एक बारीक आवाज येत होता. खिडकीची काच वाऱ्याने थरथरते तसा. वारा नव्हता. लोथारला कळलं, की ते कुणाचे तरी दात वाजताहेत.

त्याने दार ढकललं.

खिडकीत पांढरा उजेड होता आणि त्या उजेडात एक पाठ होती. सदऱ्यातली, वाकलेली, दोन्ही खांदे उतरलेले, उजवा जास्त. पांढरे आखूड केस. मान इतकी बारीक की दोन्ही शिरांच्या मधे खळगा पडला होता. हात किंचित मागे, शरीरापासून सुटलेले, बोटं उघडी. हाताची कातडी डागाळलेली, म्हाताऱ्याची. तो सबंध देह थंडीने हलत होता.

लोथार पळाला नाही. का पळाला नाही हे त्याला पुढेही सांगता आलं नाही. त्याला भीती वाटत होती, इतकी की कानात घणघणत होतं. पण त्या उघड्या बोटांकडे बघवत नव्हतं. किती वेळ उभा असेल हा असा? किती दिवस? तो पुढे झाला. कोट त्याने खाली धरला, फ्रीडेलने सांगितलं होतं तसा. आधी डावा हात गेला. मग उजवा; चाचपडत, बाहीचं तोंड शोधत. लोथारने ते बोटांशी नेलं. बनातीतून हात सरकल्याचा तो खरखरीत आवाज झाला. त्याने कोट हलकेच वर घेतला, खांद्यांवर बसवला आणि कोटात वजन आलं. खऱ्या माणसाचं वजन, हाडांचं, म्हातारपणाचं. दातांचा आवाज थांबला.

उभ्या आयुष्यात लोथारने कुणासाठी असा कोट धरला नव्हता. त्याचे तळहात अजून त्या खांद्यांवरच होते. आणि त्याच्या तोंडून, त्याला नको असताना, निघून गेलं, "बाबा."

खांदे ताठ झाले.

मग ते हलले. डावा मागे येऊ लागला, उजवा पुढे जाऊ लागला. लोथारचे हात गळून पडले. तो देह वळत होता. सावकाश, फळ्यांवर पाय घासत, खूप वर्षं एकाच बाजूला तोंड करून राहिलेला माणूस वळेल तसा. लोथारला लाल कॉलरची कड दिसली. पितळी बटणांची ओळ फिरून समोर येताना दिसली, पहिलं, दुसरं, तिसरं. कॉलरच्या वर हनुवटीची सुरुवात होत होती, आणि ती म्हाताऱ्याची नव्हती. तुकतुकीत होती.

त्याने डोळे मिटले.

त्याच्या चेहऱ्यासमोर, अगदी जवळ, कुणीतरी श्वास घेतला. श्वासाला कसलाही वास नव्हता; ना कापराचा, ना मातीचा. फक्त गारवा होता. कुणीतरी त्याच्याकडे बघत होतं. निरखून बघत होतं, आपण ओळखतो का हे ताडून पाहावं तसं. डोळे उघडायचे असतील तर आत्ता, हे लोथारला कळत होतं. त्याने ते आणखी घट्ट मिटले.

मग पावलं त्याच्या बाजूने निघाली आणि जिना उतरू लागली. वरच्या पायऱ्यांवर ती जड होती. खाली जाता जाता हलकी झाली, भरभर पडू लागली. शेवटच्या पायऱ्या कुणीतरी उडी मारून उतरलं.

७

फ्रीडेल त्याच दुपारी गेली. कॉफीची वेळ होती, मार्लीस तिच्याजवळ होती. "शेवटी शेवटी दाराकडे बघून हसली," मार्लीसने सांगितलं. "आणि म्हणाली, 'अय्या, तू होय!' एखादी शाळकरी पोर म्हणेल तशी."

त्या रात्री घरी लोथारने रोस्वीटाला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. तो डोळे मिटल्याचं बोलला तेव्हा तिने त्याचा हात हातात घेतला. "कोणाचा चेहरा असता तो?" त्याने तिला विचारलं. "माझ्या बापाचा मला ओळखता तरी आला असता का?" हे बोलताना तो इतका रडला, की आईच्या मयतालाही तो असा रडला नव्हता.

मयताच्या आदल्या दिवशी तो आणि मार्लीस घरी गेले. नव्या मालकाला किल्ली द्यायची होती. कोट वरच्या खोलीत, खिडकीच्या खाली जमिनीवर होता. कुणीतरी घाईत अंगातून काढून टाकावा तसा.

लोथार गुडघ्यांवर बसला आणि सवयीने त्याने आधी तो उलटा केला. काखेत डाग नव्हता. पाठीच्या शिवणीत एकच दोरा होता, जुना, काळा, शिंप्याच्या हातचा. बाही त्याने अंगठ्याखालून सरकवली. फिकट रेघ एकही नव्हती. सुईने बनातीला भोक पडलं की ते कायमचं राहतं. चांगल्या डोळ्याला सापडतंच. लोथारने खिडकीच्या उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिलं. कापड आजच शिंप्याकडून आणल्यासारखं होतं. आई आणि लेक, दोघींनी हिवाळ्यामागून हिवाळे बसून घातलेल्या टाक्यांपैकी एकाचीही खूण उरली नव्हती. कुठल्याही व्यापाऱ्याने यासाठी जीव टाकला असता.

"हा मी आत्याजवळ ठेवू का?" त्याने विचारलं. "पेटीत."

"पाद्रीबुवा काय म्हणतील," मार्लीस म्हणाली. पण लगेच मान हलवली. "ठेवा. झाकण लागल्यावर कोण बघतंय."

पेटी उघडी होती तेव्हा लोथारने कोट फ्रीडेलच्या हातांखाली, छातीवर पसरला. बाह्या तिच्या दोन्ही बाजूंना टेकल्या. म्हातारी एवढीशी झाली होती, तरी कोट तिला पुरा झाकत नव्हता.

मार्लीस वाकून बघत राहिली. तिने बोटाने कॉलर सरळ केली.

"अगं बाई," ती म्हणाली. "किती लहान आहे हा. पोराचाच की."

"पोराचाच," लोथार म्हणाला.